सोसायटीच्या गच्चीवर चार बँडसाठी एकच तार

हॅम रेडिओच्या (हौशी बिनतारी संदेशवहनाच्या) अँटेनाबद्दल आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नेरूळमधील सात मजली सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आपले घर आहे, जनरल ग्रेडचे लायसन्स आणि १०० वॅटचा रिग (रेडिओ संच) हाताशी आहे, आणि गच्ची १८ मीटर लांब व ११ मीटर रुंद आहे. ४०, २०, १५ आणि १० मीटर हे चार बँड (तरंगलांबीवरून ओळखले जाणारे रेडिओ लहरींचे पट्टे) कमी खर्चात चालवायचे म्हणून आपण विकतचा ९:१ अनअन (तार आणि केबल यांची जुळणी करणारा ट्रान्सफॉर्मर) घेतला आणि त्याला १६.२ मीटरची तार लावली, कारण २० मीटरची तार १८ मीटरच्या गच्चीवर मावणार नाही असे आपल्याला वाटले. शॅकमधील (रेडिओच्या खोलीतील) ट्यूनरवर एसडब्ल्यूआर (जुळणी किती चांगली ते सांगणारा आकडा, १ म्हणजे परिपूर्ण) १.२ दिसतो, तरीही ४० मीटरवर गोंगाट रिगच्या सिग्नल मीटरवर कायम एस-८ असतो, पुण्या-नाशिकची स्टेशने सोडली तर फारसे कोणी उत्तर देत नाही, आणि माइकचे बटण दाबले की संगणकाचे स्पीकर गुरगुरू लागतात.

या तीनही तक्रारींचे मूळ एकच आहे, आणि ते तारेत नाही. रिगमधून जेवढा प्रवाह तारेत ढकलला जातो, तेवढ्याच प्रवाहाला परतीची वाट लागते. डायपोलमध्ये, म्हणजे मध्यातून फीड केलेल्या दोन पायांच्या अँटेनात, ही वाट दुसऱ्या पायातून मिळते. टोकाकडून फीड केलेल्या तारेला दुसरा पाय नसतो, आणि आपण वेगळा काउंटरपॉइजही (परतीच्या प्रवाहासाठीची जादा तार) लावलेला नाही; त्यामुळे कोॲक्स केबलच्या जाळीचा बाहेरचा पृष्ठभाग आपोआप दुसरा पाय झाला आहे. ही केबल गच्चीवरून चार मजले खाली, शेजाऱ्यांच्या खिडक्यांना लागून, आपल्या टेबलापर्यंत येते. म्हणजे आपल्या अँटेनाचा मोठा भाग इमारतीच्या भिंतीला चिकटून आहे. प्रत्येक घरातील एलईडी दिवे, राउटरचे अॅडॉप्टर आणि चार्जर यांचा कचरा तो वेचून आणतो, आणि ट्रान्समिट करताना तीच रेडिओ ऊर्जा थेट आपल्या स्पीकरच्या वायरींत घुसवतो. खात्री करून घ्यायची असेल तर रिगच्या मागे कोॲक्स मुठीत घट्ट धरून, अगदी कमी पॉवरवर, एसडब्ल्यूआर पाहावा. आकडा हलला, तर जाळीच्या बाहेरून प्रवाह वाहतो आहे हे नक्की समजावे.

राहिला प्रश्न १.२ या आकड्याचा. तो आकडा ट्यूनर आणि रिग यांच्यामधील समाधान सांगतो. ट्यूनरच्या पलीकडे, अनअनपर्यंतच्या केबलमध्ये, काय चालले आहे ते सांगत नाही. १६.२ मीटरची तार ४० मीटर बँडवर अनुनादी (त्या लहरींशी लांबीने जुळणारी) नसते, ९:१ नंतरही तिचा इंपीडन्स (एसी प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) ५० ओहमपासून बराच दूर राहतो, आणि ती तफावत सगळी केबल सोसते. आपली आरजी-५८ केबल पातळ आहे. जास्त एसडब्ल्यूआरवर तिच्यातील तोटा वाढतो आणि वॅट उष्णतेत जातात. याहून डोळे उघडणारी गोष्ट अशी की एखाद्या केबलमध्ये एका दिशेचा तोटा ३ डेसिबल असेल आणि तिच्या पलीकडच्या टोकाला काहीही जोडलेले नसेल, तरी अलीकडे मीटर साधारण ३:१ एवढाच एसडब्ल्यूआर दाखवतो. पावसाचे पाणी शिरलेल्या केबलवर एसडब्ल्यूआर सुधारल्यासारखा दिसतो तो यामुळेच. उलट, खरोखर अँटेनाच्या टोकाशी २:१ असेल तर परत फिरणारी शक्ती केवळ ११ टक्के असते, आणि तिच्यासाठी झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

९:१ अनअन टाकाऊ आहे असे माझे म्हणणे नाही. जमिनीलगत, पुरेसे काउंटरपॉइज पसरून आणि ट्यूनर अनअनच्या शेजारी ठेवून तो चांगले काम देतो. आपल्या परिस्थितीत मात्र ४० मीटर बँडची अर्ध-तरंग, म्हणजे सुमारे २० मीटर लांबीची, तार, टोकाकडून ४९:१ ट्रान्सफॉर्मरमार्फत फीड करून वापरावी, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. या तारेला परतीचा प्रवाह फार थोडा लागतो, कारण टोकाशी व्होल्टेज जास्त आणि प्रवाह कमी असतो. त्यामुळे दोन मीटरच्या काउंटरपॉइजवरही भागते. शिवाय आपले चारही बँड एकमेकांच्या पटीत आहेत. ७.१ मेगाहर्ट्झची दुप्पट १४.२, तिप्पट २१.३ आणि चौपट २८.४ होते, आणि हे सगळे आकडे बँडच्या आतच पडतात. वीजशास्त्राच्या दृष्टीने एकाच फीडला जोडलेले ४० आणि २० मीटरचे दोन डायपोल याहून सरस असतात, आणि १५ मीटर त्यात ४० च्या तिसऱ्या पटीवर फुकट मिळतो. परंतु त्यासाठी मध्यभागी केबलचे वजन पेलणारा भक्कम खांब हवा. जी५आरव्ही हा अनेक बँडचा प्रसिद्ध अँटेना ३१ मीटर लांब असतो, त्याचा विचार आपण सोडून द्यावा.

आता तार मावण्याचा प्रश्न. गच्चीच्या मध्यावर जिन्याची खोली आणि तिच्यावर पाण्याची टाकी असेल, तर तिचा माथा स्लॅबपासून साधारण ६ मीटर उंच भरतो. टाकीच्या चौथऱ्याला दोन मीटरचा बांबू बांधला की मध्यबिंदू ८ मीटरवर जातो. २० मीटरच्या तारेचा मध्य तिथे टांगून दोन्ही टोके २.७ मीटर उंचीवर आणली, तर प्रत्येक १० मीटरचा पाय आडव्या अंतरात सुमारे साडेआठ मीटरच व्यापतो. म्हणजे उलट्या व्ही आकारात ही तार १७ मीटरमध्ये बसते आणि दोन पायांमधील कोन ११५ अंशांच्या आसपास राहतो, जो ९० च्या वर असल्याने चालतो. कर्णावर नेली तर आणखी मोकळीक मिळते, कारण आपल्या गच्चीचा कर्ण २१ मीटरचा आहे. ४० मीटरवर सर्वाधिक प्रवाह तारेच्या मध्यात असतो आणि विकिरण मुख्यतः तिथूनच होते, म्हणून मध्य सर्वांत उंच ठेवण्यात दुहेरी लाभ आहे. टाकीखाली लिफ्टची मोटर असेल तर लिफ्ट चालू असताना खरखर ऐकू येईल. ती अधूनमधूनची असते, आणि केवळ तिच्यासाठी ही उंची सोडू नये.

गच्ची सातव्या मजल्यावर असली तरी ४० मीटरवर आपल्याला तेवढी उंची मिळाली असे धरू नका. स्लॅबमधील सळयांचे जाळे या तारेसाठी बऱ्याच अंशी जमिनीचेच काम करते. या बँडवर आपला सिग्नल मुख्यतः वर जाऊन परतेल आणि दिवसा काही शे किलोमीटरच्या परिसरात चांगला पोहोचेल. महाराष्ट्रातील नेटसाठी (ठरलेल्या वेळी हवेवर जमणाऱ्या हॅमच्या गटसंवादांसाठी) हे उत्तमच आहे. २० मीटर आणि त्यापुढे मात्र कठड्यापलीकडील मोकळ्या क्षितिजाचा फायदा जाणवतो. तिथे दिशेचाही विचार करावा लागतो. २० मीटरवर ही तार पूर्ण तरंगाची होते, तिच्या दोन अर्ध्यांतील प्रवाह उलट दिशांचे असतात, आणि त्यामुळे तारेच्या बरोबर काटकोनात सिग्नल सर्वांत क्षीण असतो; सर्वाधिक सिग्नलाच्या चार दिशा, म्हणजे पाकळ्या, तारेपासून सुमारे ५४ अंशांवर उमटतात. तार उत्तर-दक्षिण बांधली, तर पाकळ्या ढोबळमानाने युरोप, जपान, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्याकडे वळतात. व्ही आकारामुळे हे चित्र पुसट होते, त्यामुळे गच्चीची दिशा प्रतिकूल असेल तरी निराश होण्याचे कारण नाही.

ट्रान्सफॉर्मर घरी गुंडाळणे सोपे आहे, पण कोअर योग्यच हवा. एफटी २४०-४३ हा फेराइट कोअर (वायर गुंडाळायची कडी) आणि केबल जोडायचे एसओ-२३९ सॉकेट यांसाठी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडची एक फेरी करावी; एक मिलिमीटर जाडीची इनॅमल वायर मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळते. जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायमधील पिवळी-पांढरी रिंग वापरण्याचा मोह टाळावा. ती लोहचूर्णाची असते आणि या कामात निव्वळ तापते. प्रायमरीचे (केबलकडील) २ आणि एकूण सेकंडरीचे (तारेकडील) १४ वेढे घ्यावेत, पहिले दोन वेढे प्रायमरीसोबत पीळ देऊन गुंडाळावेत. वेढ्यांचे प्रमाण १:७, म्हणून इंपीडन्सचे १:४९, म्हणजे ५० ओहमचे २४५० होतात. दोनच वेढे का, तर या कोअरवर त्यांचे इंडक्टन्स साधारण ४ मायक्रोहेन्री होते, ज्याची ७ मेगाहर्ट्झवरची रिॲक्टन्स (कॉइलचा एसी प्रवाहाला अडथळा) ५० ओहमच्या जवळजवळ चौपट पडते. ४० मीटर आणि वरच्या बँडना एवढे पुरते, ८० मीटरला ते अपुरे असते. प्रायमरीला समांतर १०० पिकोफॅरडचा, किमान एक किलोव्होल्टचा सिरॅमिक कपॅसिटर जोडावा. तो नसला तर १० मीटरवर एसडब्ल्यूआर चढलेला दिसतो.

बंद डब्यात बसवण्याआधी सेकंडरीवर २.२ किलोओहम आणि २७० ओहमचे साधे मेटल फिल्म रेझिस्टर एकापाठोपाठ जोडून नॅनो व्हीएनए या छोट्या ॲनालायझरवर एसडब्ल्यूआरचा वक्र पाहावा. ७ ते २९ मेगाहर्ट्झमध्ये एसडब्ल्यूआर २ च्या आत राहिला, तर काम नीट झाले आहे. वायर-वाउंड रेझिस्टर इथे चालत नाही, आणि ही चाचणी फक्त ॲनालायझरवर घ्यावी, रिगवर नव्हे. मल्टिमीटरने सॉकेटचा मधला पिन आणि बाहेरची कडी यांच्यात शॉर्ट दिसेल. अनेक नवे हॅम येथे घाबरून सगळे उलगडतात. हा ऑटोट्रान्सफॉर्मर (दोन्ही बाजूंची वेटोळी एकमेकांना जोडलेली असलेला) आहे, डीसीला तो शॉर्टच दिसणार, आणि तारेवर साठणारा स्थिर विद्युतभार याच वाटेने जाळीकडे उतरतो.

आवाजी संभाषणात हा कोअर १०० वॅट पेलतो. एफटी-८ या संगणकावरून चालणाऱ्या डिजिटल पद्धतीत मात्र पंधरा सेकंदांच्या पाळीत वाहक सलग चालू राहतो, त्यामुळे तिथे पॉवर निम्म्यावर ठेवावी, किंवा दोन कोअर एकावर एक ठेवून गुंडाळावेत. कोअर फार तापला की त्याचे चुंबकीय गुण ढासळतात आणि बोलता बोलता एसडब्ल्यूआर वर सरकू लागतो. असे दिसले की पॉवर कमी करणे हाच उपाय आहे.

तार म्हणून घरगुती वायरिंगची एक चौरस मिलिमीटरची, पीव्हीसी आवरणाची मल्टिस्ट्रँड वायर पुरते. २० मीटरचे वजन पाव किलोच्या आसपास भरते आणि ठाण्याच्या किंवा वाशीच्या कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात नव्वद मीटरचे बंडल मिळते. उरलेल्या तारेत काउंटरपॉइज आणि पुढचे प्रयोग होतात. सुरुवात २०.८ मीटरने करावी आणि जास्तीची तार कापून न टाकता टोकाशी स्वतःभोवतीच घट्ट पीळ देऊन मागे वळवावी. दहा सेंटिमीटर कमी केले की ४० मीटरवर अनुनाद सुमारे ३५ किलोहर्ट्झने वर जातो, २० मीटरवर दुप्पट.

येथे एक खोच आहे, जी बहुतेक ठिकाणी सांगितली जात नाही. तारेच्या टोकांचा परिणाम तिची विद्युत लांबी वाढवतो, पण टोके दोनच असल्याने हा परिणाम पटीपटीने वाढत नाही; म्हणून वरच्या बँडचे अनुनाद नेमक्या पटीत न पडता थोडे वर पडतात. ७.१ वर अचूक जुळवलेली तार २० मीटरवर बँडच्या वरच्या टोकापाशी किंवा बाहेर जाते. यासाठी तार ७.० ते ७.०५ मेगाहर्ट्झवर जुळवावी, ४० मीटरच्या वरच्या भागात एसडब्ल्यूआर किंचित चढलेला चालवून घ्यावा, आणि १० मीटर फारच वर जात असेल तर ट्रान्सफॉर्मरपासून दोन मीटरवर पीव्हीसी पाइपच्या तुकड्याभोवती पाच-सहा वेढ्यांची छोटी कॉइल करावी. त्या जागी ४० मीटरचा प्रवाह थोडा आणि १० मीटरचा जास्तीत जास्त असतो, म्हणून ती कॉइल १० मीटरला खाली ओढते आणि ४० ला फारसे हलवत नाही. चारही बँडवर १.१ च्या मागे लागणे व्यर्थ आहे. २ च्या आत आले की रिगचा अंतर्गत ट्यूनर उरलेले सांभाळतो.

आता मूळ दुखण्याकडे. ट्रान्सफॉर्मरच्या डब्यातून, सॉकेटच्या जाळीच्या बाजूने, दोन मीटरची तार काउंटरपॉइज म्हणून कठड्यालगत सोडावी. ४० मीटरवर ती तरंगलांबीच्या पाच शतांश होते. त्यानंतर केबलवर चोक बसवावा. एफटी २४०-३१ कोअरवर आरजी-५८ चे दहा-बारा वेढे घेतले की जाळीच्या बाहेरील प्रवाहाला काही हजार ओहमचा अडथळा तयार होतो आणि आतील सिग्नलला त्याचा पत्ताही लागत नाही. काउंटरपॉइज न लावता डब्याशीच चोक बसवला, तर परतीची एकमेव वाट बंद होते आणि जुळणी बिघडते. हा क्रम लक्षात ठेवावा. दुसरा तसाच चोक खिडकीपाशी, केबल घरात शिरते तिथे असावा. मला कोणी या सगळ्या जोडणीत खर्च नेमका कुठे करावा असे विचारले, तर मी चोकच्या दोन कोअरवर करावा असे सांगेन, तारेवर नव्हे. कोअर मिळेपर्यंत ११० मिलिमीटरच्या ड्रेनेज पाइपवर केबलचे अठरा वेढे घेऊन काम भागते, पण ती कॉइल सर्व बँडवर सारखे फळ देत नाही.

एवढे केल्यावर एस-८ चा गोंगाट उतरायला हवा. जो उरेल तो हवेतून तारेत येणारा असेल, आणि त्याचा माग काढता येतो. रिग बॅटरीवर चालवून घरचा मेन स्विच बंद करावा. गोंगाट पडला तर चोर घरातच आहे, आणि एकेक एमसीबी चालू करत तो सापडतो. गोंगाट दिवसा असतो आणि सूर्यास्तानंतर विरतो, असे आढळले तर सोसायटीच्या किंवा शेजारच्या सौर पॅनेलचा इन्व्हर्टर तपासावा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांच्या आणि उच्चदाब वाहिन्यांच्या जवळ राहणाऱ्यांना काही पातळीचा गोंगाट स्वीकारावाच लागतो. कळवा किंवा ऐरोलीच्या उच्चदाब मनोऱ्यांजवळ राहणारे हॅम ४० मीटरपेक्षा २० आणि १५ मीटरवर जास्त का रमतात, याचे एक कारण तेच आहे.

आपल्याकडील हवेसाठी काही गोष्टी आवश्यक आहेत. खाडीकडून येणाऱ्या खाऱ्या, दमट हवेत उघडा सांधा एका पावसाळ्यात हिरवा पडतो. डबा आयपी ६५ (धूळ आणि पाणी रोखणाऱ्या) दर्जाचा घ्यावा, तळाला पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्र ठेवावे, आणि केबलच्या पीएल-२५९ प्लगवर स्वतःलाच चिकटणारी रबर टेप ताणून गुंडाळून वर साधी पीव्हीसी टेप लावावी. आंबूस वास येणारा सिलिकॉन तांब्याला खातो. सांध्यांसाठी न्यूट्रल क्युअर लिहिलेला घ्यावा. केबल डब्यात खालून शिरवावी आणि आधी एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाते. टोकांना बांधण्यासाठी नायलॉन तंगूस स्वस्त असली तरी उन्हात ती ठिसूळ होते आणि ओली झाली की ताणते. पॉलिस्टरची दोरी वापरावी.

वीज कडाडण्याचे दिवस आपल्याकडे मुख्यतः मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात येतात. त्या काळात रिग बंद करून भागत नाही. केबल खिडकीबाहेरच काढून ठेवण्याची सवय लावावी. तार लिफ्टच्या, शेजारच्या इमारतीच्या किंवा रस्त्यावरील विजेच्या वायरीवरून किंवा खालून कधीही नेऊ नये. एखादी तुटून दुसरीवर पडण्याची शक्यता उरता कामा नये. संक्रांतीच्या आसपास पतंगांचा मांजा तारेत अडकतो आणि तो सोडवायला मुले कठड्यावर चढतात, म्हणून त्या आठवड्यात तार खाली उतरवून ठेवलेली बरी.

उंचीबद्दल मी २.७ मीटरचा आग्रह धरला त्यामागे व्होल्टेज आहे. १०० वॅटवर २४५० ओहमच्या टोकाशी सुमारे ५०० व्होल्ट आरएमएस, म्हणजे शिखराला ७०० व्होल्ट येतात, आणि प्रत्यक्ष इंपीडन्स जास्त असेल तर आणखी. पीव्हीसीचे आवरण असले तरी बोटाला चटका बसू शकतो. गच्चीवर वाळवणे घालायला किंवा कपडे वाळत टाकायला येणाऱ्या माणसांचा हात दोन्ही टोकांपर्यंत आणि काउंटरपॉइजपर्यंत पोहोचू नये. काउंटरपॉइजवर व्होल्टेज कमी असते, तरी तो कठड्याच्या बाहेरच्या अंगाने, क्लिप लावून नेणे योग्य.

सोसायटीबाबत एवढेच सांगतो, की आपले लायसन्स दूरसंचार विभागाचे आहे, पण त्यामुळे गच्ची वापरण्याचा हक्क मिळत नाही. ती सामाईक जागा आहे आणि व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी घेणेच श्रेयस्कर. अर्जात लायसन्सची प्रत जोडावी, तारेचे वजन पाव किलो असून गच्चीत कोठेही ड्रिल मारले जाणार नाही हे लिहावे, टाकी सफाईच्या आणि वॉटरप्रूफिंगच्या वेळी सर्व साहित्य आपण स्वतः उतरवाल याची हमी द्यावी, आणि कोणाच्या टीव्हीत किंवा इंटरनेटमध्ये व्यत्यय आला तर संपर्कासाठी आपला फ्लॅट क्रमांक द्यावा. मोबाइल टॉवर आणि ही तार यांत लोक गल्लत करतात, म्हणून ट्रान्समीटर घरात आहे आणि तो सलग चालत नाही, हे वाक्य अर्जात वरच असावे.

कदाचित समितीने कर्ण किंवा टाकी वापरू दिली नाही आणि जेमतेम १२ मीटर जागा मिळाली, तर त्याच ट्रान्सफॉर्मरवर १०.१ मीटरची तार, तिच्या टोकाला सुमारे ३४ मायक्रोहेन्रीची कॉइल आणि पुढे १.८ मीटरची शेपटी अशी मांडणी करावी. २० आणि १० मीटरवर ती जवळपास पूर्ण तारेइतकीच चालते. ४० मीटरवर मात्र बँडचा एक छोटा तुकडाच मिळतो आणि सिग्नलही थोडा उतरतो. १५ मीटर या मांडणीत येत नाही, त्यासाठी ट्यूनर लागेल.

बांधणी झाली की प्रत्येक बँडवर अनुनाद कोठे पडला, एसडब्ल्यूआर किती आणि शांत वेळी गोंगाटाची पातळी किती, एवढे वहीत तारखेसह लिहून ठेवावे, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा मोजावे. आकडे ५० किलोहर्ट्झपेक्षा जास्त सरकले असतील, किंवा एसडब्ल्यूआर सगळ्याच बँडवर अचानक सुधारला असेल, तर सर्वप्रथम डब्याखालचा पीएल-२५९ उघडून पाहावा.